आत माणूस आहे

आमच्या शेडमध्ये प्रत्येकाला एक लाल कुलूप मिळतं. एक कुलूप, एकच चावी, आणि कुलपाला तारेनं पिळून बसवलेली पत्र्याची पट्टी: 'आत माणूस काम करत आहे. हे कुलूप काढू नये.' रेल्वेच्या डब्यात शिरण्याआधी शेडच्या विजेचा प्लग डब्यातून उपसायचा, डब्याच्या भिंतीतल्या त्याच्या भोकावर टोपण बसवायचं आणि टोपणाच्या कडीत आपापलं कुलूप अडकवायचं. चावी स्वतःच्या खिशात. हा प्लग म्हणजे घरातल्या इस्त्रीचा नव्हे. मनगटाएवढी जाड केबल आणि तिच्या टोकाला दोन्ही हातांनी उचलावा लागणारा लोखंडी ठोकळा. तो डब्यात बसला की अख्ख्या गाडीचे दिवे, पंखे, गार हवा सगळं चालू होतं, आणि मधे कुणी सापडला तर तो कायमचा बंद होतो. हे मी नव्या माणसांना स्वतः शिकवते, तोंड वर करून.

त्या दिवशी माझं कुलूप माझ्या घराच्या दाराला होतं. आत सासूबाई होत्या.

आता हे आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मला सासूला कोंडणारी सून म्हणून मोकळे व्हाल. कोंडलं होतं, नाही म्हणत नाही. पण सासूबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. कानाला हेडफोन, समोर भोकांचा फळा, हातात दोऱ्या आणि तोंडात एकच वाक्य: "थांबा, जोडून देते." गेल्या दोन वर्षांत डोक्यातलं बरंच काही पुसलं गेलं, पण हात काही विसरायला तयार नाहीत. घरातला प्लग दिसला की उपसायचा आणि दुसऱ्या भोकात खुपसायचा. फ्रिजमधलं दूध नासलं की आम्ही समजायचो, आईंनी कुणाला तरी बाहेरगावचा कॉल लावून दिला. हसायचो आम्ही. मग गेल्या महिन्यात त्या ड्युटीला निघाल्या आणि एका पायात चप्पल घालून बसस्टॉपवर सापडल्या. तेव्हापासून हसणं बंद झालं.

मी आणि नवरा एकाच शेडमध्ये, उलटसुलट पाळ्यांना. तो आला की मी निघते. आमचा संसार बराचसा दारातच होतो. त्याचं म्हणणं एकच: "कुणाला काही सांगायचं नाही. लोक आईला वेडी म्हणतील आणि आपल्याला कसाई." त्या आठवड्यात त्याला आठ दिवसांच्या ट्रेनिंगला बाहेर पाठवलं होतं. शेजारच्या शिंप्याची बायको सकाळी आईंजवळ बसायची, तिला नेमका ताप भरला. मी फोरमनना फोन केला, रजा द्या म्हटलं. ते म्हणाले, "बाराला गाडी सुटायचीय. तुझ्याशिवाय त्या बिळात शिरणार कोण? तास-दीड तासाचं काम, मग जा." कारण विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

निघताना घराच्या कुलपात चावी मोडली. अर्धी आत, अर्धी माझ्या हातात. दार उघडं टाकून जावं तर आई बसस्टॉपवर, थांबावं तर नोकरीवर गदा. इकडे आड, तिकडे विहीर. पिशवीत हात घातला तर लाल कुलूप लागलं. पट्टी काढायला वेळ नव्हता, तार पिळलेली होती. "आई, येतेच हं," म्हटलं आणि कुलूप लावलं. त्यांनी आतून विचारलं, "कुणाचा कॉल आहे?"

आमच्या फोरमनना सगळे नियमकाका म्हणतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, पण आजही कडीतली कुलपं बोटानं दोनदा मोजतात. त्यांचं आवडतं वाक्य: "कुलूप नाही म्हणजे माणूस नाही." मी पोचले तेव्हा त्यांनी प्लग उपसून, टोपण बसवून, स्वतःचं कुलूप लावून डब्याखाली वेगळं काम धरलं होतं. खालूनच ओरडले, "लावलंस का गं कुलूप?"

ऑफिसात जादा कुलपं असतात. पण घ्यायचं तर रजिस्टरमध्ये लिहायचं, तुमचं कुठे गेलं? एवढ्या एका ओळीला मी घाबरले.

"लावलं," मी म्हणाले. सुरुवात ही अशी झाली.

काम असं होतं. दोन डब्यांच्या मधे वीज नेणारा जो सॉकेट डब्याच्या टोकाच्या भिंतीत बसवलेला असतो, त्याच्या पाठीमागे ओल सापडली होती. समोरून तो दणकट. धूळ, पाणी, खडी, काही त्याचं वाकडं करू शकत नाही. पण पाठीमागे पत्र्याच्या कोनाड्यात त्याची तीन जाड टोकं उघडीच असतात, बोटाएवढ्या बोल्टांनी आवळलेली. रबर बदलायचं तर छतावरच्या पोकळीतून पोटावर सरकत, डोकं खाली करून तिथवर जावं लागतं. मी अंगानं काटकुळी, म्हणून शेडमध्ये माझं नाव सुई. लग्नात ज्या अंगावरून बायकांनी नाकं मुरडली, त्याच अंगावर पगार मिळतो.

रबर बसलं. शेवटचा बोल्ट आवळत होते. उजवा हात कोपरापर्यंत तीन टोकांच्या मधे, हातात पाना. डाव्या हातात बॅटरी. डगल्याचा खांदा मागे कुठल्याशा पट्टीत अडकला होता. परत निघताना सोडवू म्हणून मी तो तसाच ठेवलेला. खांदा मागे सरकल्याशिवाय कोपर बाहेर येत नव्हतं. खाली डब्यांची धूळ उडवायला हवेचा पंप लावला होता, त्याच्या घरघरीत स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता.

कानानं ऐकू येत नव्हतं, पण छातीखालच्या पत्र्यातून कळलं. कर्र. टोपण उघडलं.

पहिल्यांदा वाटलं, भास असेल. मग डब्याला हलकासा धक्का बसला. शेडचा प्लग त्याच भिंतीत, माझ्याखाली पुरुषभर अंतरावर बसतो. काकांचं काम झालं होतं. त्यांनी आपलं कुलूप काढलं, कडीत दुसरं दिसलं नाही, म्हणजे मी आटोपून गेले असं समजले. कुलूप नाही म्हणजे माणूस नाही. नियमाप्रमाणे त्यांनी तीनदा हाक मारली म्हणे. पंपात ती कुठे विरली कोण जाणे.

मी ओरडले. "काका! मी आत आहे! काका!" पत्र्यानं माझाच आवाज माझ्या तोंडावर फेकला.

खट. प्लगची मूठ खाली बसली. आता काका वळणार आणि भिंतीवरच्या मोठ्या स्विचकडे जाणार. बावीस पावलं. ती मी रोज चालते.

खांद्याला हिसका दिला. कापड फाटलं, पट्टीनं सोडलं नाही. पुन्हा दिला. मांडीखाली काहीतरी टोचत होतं, आणि काय टोचतंय हे लक्षात आल्यावर माझ्या पाचावर धारण बसली. चावी होती ती. मी इथे मेले तर चावी माझ्या खिशात राहणार. मला काढतील, रडतील, चौकशा होतील, नवऱ्याला बोलावून घेतील. आणि त्या दारामागे एक म्हातारी आहे हे तोवर कुणाच्या डोक्यातही येणार नाही. आम्हीच कुणाला सांगितलं नव्हतं. मोठ्या हुशारीनं लपवलं होतं. आई दार ठोठावत असतील, आणि मी इथे पत्रा ठोठावतेय. फरक इतकाच की मला कुणी फसवून आत पाठवलं नव्हतं.

दहा पावलं झाली असतील.

त्या तीन जाड टोकांच्या मधोमध दोन बारीक तारा असतात. आम्ही त्यांना पहारेकरी म्हणतो. प्लग बसताना त्या सगळ्यात शेवटी जुळतात, सुटताना सगळ्यात आधी सुटतात. गाडीतल्या प्रत्येक सॉकेटमधून ही जोडी फिरून येते. तिची साखळी कुठेही तुटली तरी भिंतीवरचा स्विच वीज सोडत नाही. तुटायला मात्र हवी. आणि ती तोडायची तर डावा हातही त्या जबड्यात घालायला हवा.

बॅटरी सोडली. ती कुठेतरी घरंगळली आणि अंधार झाला. बोटं आत घातली. गार धातू, हे पहिलं टोक. गार धातू, दुसरं. त्या क्षणी काका स्विचपाशी पोचले असते तर हे वाक्य लिहायला मी उरले नसते. नखांना बारीक प्लास्टिक लागलं. बोटाला गुंडाळून ओढलं. तार कातडीत रुतली, आली नाही. पाय पत्र्याला टेकवले आणि सगळा जीव लावून ओढलं.

तुटली.

मग काहीच झालं नाही. काही न होणं किती मोठं असतं, ते मला त्या पोकळीत पडून कळलं. मी वाट बघत राहिले, दात आवळून, तुटकी तार मुठीत धरून. स्विचनं नकार दिला असणार. काकांनी पुन्हा दाबला असणार. तिसऱ्यांदा दाबणार नाहीत, मला माहीत होतं. नियम आहे: दोनदा नाही म्हणाला की जाऊन बघायचं.

पत्र्यातून मूठ वर गेल्याचं कळलं, प्लग उपसल्याचा धक्का, टोपण, आणि कुलपाची बारीक टक. मग शिडी. पोकळीच्या तोंडाशी उजेड आला आणि थांबला. त्यांना माझे बूट दिसले होते.

काकांनी मला ओढून बाहेर काढलं. पंप कुणीतरी बंद केला होता. ते डब्याच्या पायरीवर मटकन बसले.

"लावलं म्हणालीस ना, पोरी?"

"खोटं बोलले."

"कुलूप कुठंय तुझं?"

"घरी. दाराला."

"दाराला? आत कोण?"

"सासूबाई. त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं, काका. दोन वर्षं झाली. आम्ही कुणाला बोललो नाही."

मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आत माणूस आहे," ते हळूच म्हणाले, "आणि चावी घेऊन तू त्या बिळात?"

मी मान हलवली.

"जा आधी. हे सगळं मी लिहिणार आहे, एकही शब्द गाळणार नाही. पण आधी जा."

मी धावले. डगला फाटका, डाव्या हाताची दोन बोटं सोलवटलेली. नोकरीचं काय होईल, हा विचार रस्त्यात एकदाच आला आणि मागे राहिला.

दाराशी शिंपी उभा होता, गळ्यात टेप तसाच.

"बरं झालं आलात. काकू सकाळी दार ठोठावत होत्या. मी धावत आलो तर ही पाटी. मोठ्यानं वाचून दाखवली त्यांना. काढू नये म्हटल्यावर मी कसं काढणार? म्हटलं, सरकारी काहीतरी असेल. पण समजूतदार हो तुमच्या सासूबाई. ऐकलं आणि एकदम गप्प झाल्या. पुन्हा हाक नाही की काही नाही."

कुलपाला चावी लागेना. शेवटी शिंप्यानंच उघडून दिलं.

आई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे तोंड करून. केस नीट विंचरलेले. एकही प्लग उपसलेला नव्हता. मी भरून ठेवलेला पाण्याचा पेला भरलेलाच होता. खुर्चीखाली फरशी ओली होती.

त्यांनी मान वळवून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"रिलीव्हर?"

पाळी बदलायला येणाऱ्या बाईला एक्स्चेंजमध्ये तसं म्हणत.

"आज फार उशीर केलात. बाहेर बोर्ड लावलाय, आत माणूस काम करतोय म्हणून. वाचून दाखवला मला. मग माणूस उठून जाईल कसा?" त्यांनी खाली पाहिलं आणि ओल्या कपड्यावर दोन्ही हात पसरून ठेवले. "दोनदा जायचं होतं हो मला."

"चुकलं माझं, आई," मी म्हणाले. "मी आलेय आता. तुमची ड्युटी संपली."

मी हात पुढे केला. उठता उठता त्यांना माझी सोललेली बोटं दिसली. त्यांनी ती उजेडाकडे धरून जाणकारासारखी बघितली.

"दोरीनं कापलं ना? नवीन आहात. होते हळूहळू सवय."

मी त्यांना न्हाणीघरात नेलं. कोरडे कपडे दिले, पाणी काढून दिलं. त्यांनी मला हातानं बाहेर सारलं. तेवढी लाज अजून शाबूत आहे. दार अर्धवट लोटलं आणि फटीतून माझ्याकडे बघितलं. आवाज इतका खाली आणला की बाहेर उभ्या असलेल्या शिंप्याला ऐकू जाऊ नये.

"बाई, तेवढी बाहेरून कडी लावू नका हं."

मी दार धरून तिथेच उभी राहिले.