टाचेखालची हवा

"उभी राहिली! पोर उभी राहिली!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. लोक खुर्च्यांवर चढून मोबाइल उंचावत होते. मंचावर, न चालणाऱ्यांना उभं करतात म्हणून गाजलेल्या उभेबाबांनी बबडीला काखेत हात घालून धरलं होतं. तिचे चवडे फरशीला लागताच दोन्ही पाय खांबासारखे ताठ झाले होते. सात वर्षांची बबडी जन्मापासून कधी उभी राहिली नव्हती. तिच्या बापाच्या डोळ्यांना धार लागली.

"पृथ्वीची शक्ती तळव्यांतून चढतेय!" बाबा गरजले. "आता ते व्यायाम बंद, पायांचे पट्टे बंद! शक्तीला वाट मोकळी करा!"

आई पहिल्या रांगेत होती. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं. झाला मात्र नाही. बायका गळ्यात पडल्या, तिनेही त्यांच्या पाठीवर हात फिरवला.

घरी बबडी काही उभी राहीना. दर खेपेला बाबा म्हणत, "घरात कुणाची तरी श्रद्धा कमी पडतेय." मग नवरा आईकडे बघे. ती लाँड्रीत इस्त्रीचं काम करून येई, पोरीला भरवी, निजवी. व्यायाम आणि पट्ट्यांविना असेच महिने गेले. एका सकाळी पायजमा घालताना बबडीचे गुडघे एकमेकांवर चढले ते सुटेचनात. पोर किंचाळली. आईने तिला उचललं आणि सरळ जुन्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाय तपासले. मग बबडीला काखेतून धरून चवडे जमिनीला टेकवले. पाय ताठ!

"म्हणजे तुम्हालाही जमतं?"

"कुणालाही जमतं. धरा तुम्ही."

आईने धरलं. तिच्या हातांत चमत्कार घडला, आणि तिला काहीच वाटलं नाही.

"मेंदूला इजा झालीये, त्यामुळे स्नायूंवर त्याचा नीट ताबा नाही," बाई म्हणाल्या. "चवडा दाबला की पाय आपोआप आखडतात. हा ताठरपणा आहे, ताकद नाही. टाच बघा, हवेत आहे. वजन सगळं तुमच्या हातांवर."

"बाबांकडे... दुखायचं," बबडी अडखळत म्हणाली. "कुणी... विचारलं नाही."

आईने तिला खाली बसवलं.

"रोज पायांना ताण द्यायचा, पट्टे पुन्हा लावायचे," बाई सांगत होत्या. "स्टुलावर बसवून टाचा जमिनीला टेकवायच्या, खेळणं पुढे धरून तिचं तिला उठू द्यायचं. मधले महिने गेले, सुरुवात थोडी मागून होईल."

घरी बापानेही बबडीला तसंच धरून बघितलं. टाच हवेतच राहिली. पुढच्या सभेला दोघं गेली. बाबांनी एका लहान मुलाला उचललं, पाय ताठ झाले, टाळ्या सुरू झाल्या. आई मंचाजवळ गेली.

"महाराज, टाच टेकवून दाखवा," ती म्हणाली. आवाज चढलाही नाही. "आणि त्याचा भार त्याच्या पायांवर येऊ द्या."

"शक्ती आधी चवड्यात येते, बाई! टाचेत पुढच्या वर्षी!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मुलाची आई वाकली. तिने टाचेखाली हात घातला, तो आरपार गेला. तिने मूल बाबांच्या हातांतून काढून घेतलं.

बाहेर तिने बबडीच्या आईला गाठलं. "माझा चालेल का हो?"

"माहीत नाही. माझी चालेल का, तेही माहीत नाही. त्याला तपासून घ्या, व्यायाम सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी वाकून बघा. मग पोराला विचारा, दुखतंय का."