देवडीतली बाई

हेमाला जुन्या भिंतींचं वेड पुण्यापासूनच, आणि बहारीनला, अदलियातल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात आल्यावर तर विचारूच नका! बुदैयाच्या हायवेलगतच्या एका खजुरांच्या बागेची जुनी देवडी पाडणार हे कळलं, तशी त्याच सकाळी बया टेप घेऊन हजर. पाडा म्हणे, पण निदान नकाशा तरी काढून ठेवू दे. बाहेर मशीन घरघरत होतं आणि मालक यासीन कपाळाला आठ्या घालून उभा होता.

देवडी म्हणजे मधून वाट आणि दोन्ही अंगांना पहाऱ्याची एकेक खोली. भिंती समुद्रातल्या खडकाच्या, हातभर जाड. उजवी खोली उघडी होती. डावीचं दार चिणलेलं, वाटेकडे फक्त एक अरुंद झरोका. हेमाने झरोक्यातून टेपचं टोक आत सारलं. कुणीतरी ते धरलं आणि टेप ताठ झाली.

"शाब्बास खिजर! कुठून शिरलास रे आत?"

"मी? मी हा इथं आहे ताई." तिचा रत्नागिरीचा ड्राफ्ट्समन खिजर मागे चहाचे कप घेऊन उभा होता.

हेमाने टेप त्याच्यापुढे धरली. खिजरने टेप सारून पाहिली, तर वीतभर आत जाऊन दगडाला टेकली. हेमाने सारली, तर पुन्हा कुणीतरी अलगद धरली.

यासीन आधी हसला, मग हसेना. हिंदीत म्हणाला, "ती खोली आजोबांनी दगडमातीनं बुजवलीय. इथला दरवान वारला, त्याची बायको इद्दतीला आत बसली. आणि एक दिवस दिसेनाशीच झाली. आजोबा घाबरले."

"इद्दत म्हणजे नवऱ्यामागचं सुतक ताई," खिजर हळूच म्हणाला. "त्या दिवसांत बाई परक्या पुरुषासमोर येत नाही. मुदत संपली की बायका येतात आणि तिला बाहेर काढतात." तो थांबला. "हिला न्यायला कुणी आलंच नसणार."

"म्हणजे ही अजून वाट बघतेय? आणि तुम्ही हिच्यावर मशीन घालणार?" हेमाला भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त संताप आला. "बंद करा ते धूड! आणि तोंडं फिरवा सगळ्यांनी!"

यासीन, खिजर, मशीनवाला, तिघेही मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"चला बाई," हेमा मराठीतच म्हणाली. दुसरं काय सुचणार? "मी बाईच आहे. चला."

ती टेप धरून पावलापावलानं मागे सरकू लागली. टेपचं टोक झरोक्यातून बाहेर आलं. टोक धरलेलं कुणीच दिसेना, तरी टेप हवेत ताठच राहिली. देवडीचा उंबरा आला. टेप क्षणभर अडखळली, मग पुढे आली.

"झालं?" यासीनने भिंतीकडे बघतच विचारलं.

"बाहेर आली. हिचं माणूस कोण आहे? कुणाच्या घरी सोडू?"

"कुणी उरलं नाही," तो म्हणाला.

आली का पंचाईत! पण इतकी वर्षं वाट पाहिलेल्या बाईला रस्त्यावर कसं सोडायचं? तिने गाडीचं मागचं दार उघडलं. थोड्या वेळाने टेप सैल पडली आणि मागची सीट किंचित दबली.

कुणाचा पदर दारात अडकू नये म्हणून हेमाने दार अगदी जपून लावलं.