दारासमोर दार

सरकारची तऱ्हाच न्यारी. घराला पैसे द्यायचे, पण घर कुठं बांधायचं तेही त्यांनीच सांगायचं. गावात आम्हा ऊसतोड्यांच्या झोपड्या दुसऱ्याच्या जागेत. म्हणून घरकुल हवं असेल तर पंचायतीनं दिलेल्या माळावर जा, असा हुकूम निघाला. माळ कसला, धारूरच्या डोंगराकडेचं नुसतं टक्कल! त्या दुष्काळात तिथं सरडासुद्धा थांबत नव्हता. तरी आम्ही गेलो. जन्मात पहिल्यांदा हक्काचं घर मिळत असेल तर माणूस टकलावरही चढतो.

सगळ्यात घाई केसरबाईला. तिची सून सत्यभामा पोटुशी होती. केसरबाईचा म्हाळू उसाच्या फडात, पाचटावर जन्मलेला. नातवंडाच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही, असं तिनं पक्कं ठरवलं होतं. या साली सून घरी राहणार आणि म्हाळूच्या जोडीला कोयता घेऊन स्वतः केसरबाई जाणार. पण सुनेकडं बघणार कोण?

"मी हाय की! तू कावून घाबरतीस?" आमच्यासोबत माळावरच घरकुल मिळालेली म्हातारी बांगडीवाली आमिनाबी म्हणाली. "फक्त तिचं दार माझ्या दारातून दिसलं पायजे. या गुडघ्यानं लई चालवत न्हाई."

जागा आखायला इंजिनियरसाहेब येणार होते, ते काही आले नाहीत. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आलेला. मग आम्हीच चुलीतली राख घेऊन आखायला लागलो आणि हात सवयीनंच वळले. साखर कारखान्याच्या तळावर आम्ही राहायच्या कोप्या कशा घालतो? गोल! सगळ्यांची दारं आत, मधे मोकळं अंगण. कुणाचंही पोर रांगत निघालं की चारी बाजूंनी बाया ओरडतात. माळावर आम्ही जोती तश्शीच बांधली. आमिनाबीच्या दारासमोर बरोब्बर केसरबाईचं दार.

जोती झाल्यावर साहेब उगवले.

"हे काय? इथं सर्कस आणायचीय का?" ते कपाळाला हात लावून म्हणाले. "घरं रांगेत हवीत. प्रत्येक दार रस्त्याकडं हवं. नाहीतर पुढचा हप्ता बंद."

केसरबाईचं तोंड एवढंसं झालं. पाडून पुन्हा बांधायचं तर हंगामाआधी घर होणं नव्हतं, म्हणजे सून पुन्हा फडातच.

"पण सायेब," ती म्हणाली, "रस्ता कुठं हाय?"

खरंच की, रस्ता फक्त नकाशात होता.

तेवढ्यात धुरळा उडवत ख्वाजाचा टँकर आला. पाणी म्हटल्यावर कोण साहेब आणि कोण काय! आम्ही घागरी घेऊन धावलो. ख्वाजा महाबिलंदर. बायांची भांडणं नकोत म्हणून त्यानं टँकर थेट आत घातला आणि दारोदार थांबत गोल फिरवला. तो गेला तेव्हा मातीत चाकांची ठसठशीत वाट उमटली होती.

आमिनाबीनं बोट दाखवलं. "घ्या सायेब, रस्ता. आता सांगा, कोणतं दार रस्त्याकडं न्हाई?"

साहेब त्या वाटेनं एक चक्कर मारून आले. नकाशा उलटासुलटा करून पाहिला. शेवटी त्यांनाच हसू फुटलं.

"रस्ता गोल नको असं कुठं लिहिलेलं नाही बुवा," म्हणत त्यांनी मोबाइल काढला आणि एकेकाला जोत्यावर उभं करून पुढच्या हप्त्यासाठी फोटो घेतले. त्या फोटोत आमच्या अक्कलदाढासुद्धा दिसतात.

दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रॅक्टर माळावर आला तेव्हा घरांवर पत्रे चढले होते. बोचकी चढली, कोंबड्या चढल्या, आम्ही चढलो. केसरबाईनं सुनेला पुन्हापुन्हा जवळ घेतलं. मग दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं, लागलंय ना ते हिसकून पाहिलं, किल्ली कमरेला खोचली आणि ट्रॉलीत येऊन बसली. ट्रॅक्टर हलला.

"अगं ए केसर!" समोरच्या दारातून आमिनाबी कोकलली. "सुनेला कोंडलंस की!"

आतून सत्यभामा दार बडवत खिदळत होती. आम्ही ट्रॉलीत एकमेकींच्या अंगावर पडलो. केसरबाईनं उडी मारली आणि पळाली. दर साली निघताना घराला कुलूप घालायचं, मागं कुणी राहायचंच नाही; तिच्या हाताला दुसरं ठाऊकच नव्हतं.

तिनं दार उघडलं. सुनेच्या पोटावर हात ठेवला आणि हसता हसता रडायला लागली. मग पदरानं डोळे पुसत अंगण ओलांडून गेली आणि कुलूप-किल्ली आमिनाबीच्या ओटीत टाकली.

"ठेव तुझ्याकडं," ती म्हणाली. "माझ्या घरात आता माणूस हाय."