नराला फुटलेला पान्हा

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. कठड्यावरून पडून एकाचं डोकं फुटलं होतं, आणि त्याच्याच अंगावर पाय देऊन मागची माणसं पुढे घुसत होती. कारण कपोतबाबांनी नर कबूतर हातात घेतलं होतं.

"मादीला पान्हा फुटतो, त्यात काय नवल? इथे नराला फुटतोय, बघा," बाबा म्हणाले. त्यांनी कबुतराचा गळा दाबला. पांढरी धार वाटीत पडली. मग त्यांनी त्याची मान मुरगळली. कट्ट आवाज पार मागेपर्यंत गेला. "देह देवाला दिला," असं म्हणत त्यांनी ते पिंपात भिरकावलं. देवाला रोज डझनभर मेलेली कबुतरं कशाला लागतात, हे कुणी विचारत नव्हतं.

थेंबताई विचारत होती. डेअरीच्या तपासणी खोलीत तिची अठरा वर्षं गेली होती. एका थेंबावरून भेसळ सांगते, म्हणून हे नाव पडलेलं. आज ती भाच्यासाठी आली होती. पोर तीन आठवड्यांचं. बाबांनी तिच्या बहिणीला बजावलं होतं, आईचं दूध बंद, दिवसाला फक्त सहा चमचे कबुतराचं. चार दिवसांत पोराची टाळू खोल गेली, रडायचंही त्राण उरलं नाही. सकाळी ती त्याला दवाखान्यात न्यायला गेली, तर बहिणीच्या नवऱ्याने तिला भिंतीवर आपटलं. "ताई, मध्ये आलात तर तंगडं मोडीन," तो म्हणाला होता. 'आलात' म्हणाला, तेवढा मान मात्र राखला.

बहीण पोराला घेऊन पुढच्याच रांगेत उभी होती, आणि बाबांनी ती भरलेली वाटी तिच्याच हातात दिली होती. थेंबताईने तिच्या हातातली वाटी हिसकावली, बोट बुडवून चाखलं आणि ती मंचावर चढली. कुणीतरी तिचे केस ओढले. एक दगड खांद्यावर बसला. तिने डेअरीतून सोबत आणलेली आयोडीनची बाटली उघडून वाटीत थेंब टाकला. वाटी निळीकाळी झाली.

"पिठाचं पाणी आहे हे, साखर घातलेलं," ती ओरडली. "कबुतराच्या दुधात साखर नावालाही नसते. आणि ते नरालाही होतं, अगदी खरं. सगळ्याच नरांना होतं, पिल्लं अंड्यातून निघाली की. गळ्यातल्या पिशवीचं अस्तर सुटून दह्याच्या चोथ्यासारखं पडतं. प्रथिनं आणि चरबी, दुसरं फारसं काही नाही. त्याची धार लागत नाही. तुम्ही 'दूध' हा शब्द ऐकलात आणि वाटी पुढे केलीत."

तिने पिंपातलं गरम कबूतर काढून ब्लेडने गळा चिरला. रक्तातून सुके दाणे मंचावर सांडले, दुधाचा मागमूसही नव्हता.

बाबा तिच्या अंगावर धावले. तिने त्यांची बाही धरली, ती टर्रकन फाटली. काखेत रबरी फुगा, मनगटापर्यंत नळी. झटापटीत फुगा दाबला गेला आणि नराचा पान्हा बाबांच्याच दाढीवर उडाला.

मग सगळेच बाबांवर तुटून पडले. बाबांचे दात पडले. बहिणीच्या नवऱ्याने लोखंडी स्टूल उचललं, तेव्हा थेंबताई आडवी आली.

"सरका ताई. माझं पोर मारत होता तो."

"सकाळी मला मारलंस तेव्हाही तुझी अशीच खात्री होती. त्याला पोलिसांत देऊ. पोराला उचल आधी."

त्याने स्टूल खाली ठेवलं. पोराला छातीशी धरून तो दवाखान्याकडे पळत सुटला, त्याच्यामागे बहीण. सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी आईच्या अंगावर पिताना पोर खोकलं आणि खणखणीत रडलं.

तुमच्या दारात कुणी अशी वाटी घेऊन आलं, तर तोंडाला लावण्याआधी विचारा, कशाचं आहे, कुठून आलं, कुणी तपासलं. विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो माणूस. त्याची बाही बघा.