नाक शकूचं, कंबर कमलची

“शके, बघ गं, येतोय का करपट वास?”

शकूने मशीनच्या तोंडाशी नाक नेलं. “थोडासा येतोय. आच उतरव, नाहीतर वाट लागेल.”

कमलने आच उतरवली. मरोळच्या त्या कारखान्यात भाताच्या तुसाची भुकटी वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळून दाणे पाडायचे. पुढे त्यांच्या खुर्च्या व्हायच्या. तूस घातलं की प्लास्टिक ताठ होतं, भार पेलतं. पण काम नाजूक. प्लास्टिक वितळायला आच हवी आणि तीच जरा वाढली की तूस करपतं. मग त्या मालाची पट्टी वाकवून बघितली की पापडासारखी मोडते. मीटर बाहेरची आच दाखवतो, आतली नाकालाच कळते. आणि कमलचं नाक मागच्या तापात गेलं ते गेलंच.

हे फक्त शेजारच्या मशीनवरच्या शकूला ठाऊक होतं. शकूच्या मणक्यात गॅप होती, तुसाचं पोतं उचललं की तिचा जीव जायचा. ते फक्त कमलला ठाऊक. मग दोघींनी वाटणी करून टाकली. दोन्ही मशीनची पोती कमल उचलायची, दोन्हींचा वास शकू घ्यायची.

“नाकाने कांदे सोलते म्हणून सासू बोलायची मला,” शकू हसायची. “बघ म्हणावं, त्याच नाकावर दोन मशिनी चालल्यात!”

हेल्परची ऑपरेटर व्हायला कमलची उमेदीची वर्षं गेली होती. घाटकोपरला वस्तीतही तिला ‘कमल ऑपरेटर’ म्हणत, आणि तिला ते फार आवडायचं. नाकाचं कळलं तर मशीन जाणार, ही एकच धास्ती.

मग सुपरवायझर मुकुलसरांनी शकूला दुसऱ्या पाळीत टाकलं. आपली पाळी संपली की कमल शकूच्या मशीनशी पोती लावून घरी जायची. वासाचं तिने रंगावर निभावून नेलं. दाणा बदामी असला की ठीक, काळपट झाला की आच उतरवायची. ठीक चाललं होतं, पण एक दिवस तुसाऐवजी काथ्याची भुकटी आली. ती मुळातच काळपट. दाणा काळा पडत गेला, तशी कमल काथ्याचाच रंग समजून निवांत राहिली.

मुकुलसर रुमाल नाकाला लावून धावत आले.

“कमलताई, अहो गेटपर्यंत करपट वास येतोय! हीटर गेला ना परत? त्या फिटर नितेशला नीट दुरुस्त करायला सांगितलं होतं. आज त्याला कामावर ठेवतच नाही!”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. कमलच्या ओठांवर ते आलंही होतं.

“हीटर ठीक आहे, सर. मलाच वास येत नाही. कसलाच. तापापासून.”

सरांनी नाकावरचा रुमाल काढला. “मग इतके दिवस कसं चालवलंत?”

“अंदाजाने.”

शकूचं नाव तिने काढलं नाही.

सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला काढलं नाही, पॅकिंगला बसवलं. तिच्या मशीनवर शकूला दुसऱ्या पाळीतून आणलं. “हिचं नाक बघा, कसलं तयार आहे!” असं ते सगळ्यांसमोर म्हणाले, तेव्हा कमलला आतून फार लागलं. शकूने मान वर केली नाही.

काथ्या संपून पुन्हा तूस आलं, त्या सकाळी पोती दाराशीच पडली होती. शकू कंबरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत उभी होती. कमलने हातातली चिकटपट्टी ठेवली, पोतं खांद्यावर घेतलं आणि मशीनशी नेऊन उभं केलं. मग दुसरं आणलं.

“राहू दे गं,” शकू म्हणाली. “आता तुला माझ्या नाकाचा काय उपयोग?”

कमलने खांद्यावरचं तूस झटकलं. “सांग की, आज कसा येतोय?”

शकूने डोळे मिटले. “लाह्या भाजल्यासारखा. झकास.”

“मग आच बरोबर आहे,” कमल म्हणाली आणि पॅकिंगच्या टेबलाकडे परत गेली.