वरचा डबा

डोंगरावरच्या उघड्या सड्यावर वाऱ्याला अडवणारं कोणी नाही. नुसता कातळ, आणि त्याच्या कडेला काशीचं घर. खालून रत्नागिरीकडे जाणारी एसटी दिसते, पण तिच्यातून उतरून वर येणारं माणूस नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा दीपक मुंबईत. फोन करतो, नाही असं नाही, पण ‘जेवलीस काय?’च्या पुढे त्याची गाडी सरकत नाही. काशी दिवसभर बोलायची ती कोंबड्यांशी, आणि कोंबड्या कधी कुणाचं ऐकून घेतात!

म्हणून अवनी पहिल्यांदा स्कूटरवरून आली तेव्हा काशीने तिला आधी चहा पाजला आणि मग नाव विचारलं.

अवनी कॉलेजात मातीचा अभ्यास करायची. काशीच्या शेजारी कुणा मुंबईकराने कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले होते आणि डंपरने लाल माती आणून हापूसची कलमं लावली होती. कोरड्या दिवसांत त्यातली किती माती वारा पळवतो, ते अवनीला मोजायचं होतं. तिने तिथे खांब रोवला. त्यावर पत्र्याचे तीन डबे, एक जमिनीलगत, एक मध्ये, एक छातीच्या उंचीवर. प्रत्येकाला पुढे फट आणि मागे शेपटी, म्हणजे वारा फिरला की डबाही तोंड त्याच्याकडे करून फिरायचा. पंधरवड्याने अवनी यायची, साठलेली माती पिशव्यांत भरून तोलायला न्यायची. मग ओटीवर बसून जेवणाचा डबा उघडायची, आणि हॉस्टेलच्या, आईच्या, कुठल्याकुठल्या गोष्टी सांगायची. काशी त्या गोष्टी पुढचा पंधरवडा पुरवून पुरवून आठवायची.

"काय गो, वाऱ्यावर पाळत ठेवतंस?" ती चिडवायची.

"ठेवायलाच हवी काकी. मोठा चोर आहे तो."

माघात मात्र वारा पडला. अवनीने डबे उघडले तर आत काही नाही. ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "इथे असंच चालणार असेल तर खांब दुसरीकडे हलवू, म्हणतात सर."

स्कूटर वळणाआड गेली तरी काशी तिथेच उभी होती. खालच्या वाडीतल्या कुणाचीही वाटी परत करताना चिमूटभर साखर घालायला ती कधी चुकली नव्हती. आणि आता दारी आलेली पोर रिकामी भांडी घेऊन परत गेली! हे झालं तिचं स्वतःला समजावणं. खरं सांगायचं तर साखर हे निमित्त होतं. अवनी येत राहायला हवी होती, बस्स.

दुसऱ्या दिवशी काशीने कलमाच्या बुडातली ओंजळभर माती घेतली, डब्याचं झाकण काढलं आणि आत टाकली. पुढच्या पंधरवड्यालाही टाकली. अवनी पिशवी हातात घेऊन खूश झाली, आणि ती खूश म्हणून काशी खूश.

तिसऱ्या वेळी अवनी आली ती ओटीवर बसलीच नाही. जेवणाचा डबा तेवढा सवयीने तिथे टेकवला.

"काकी, खांबाला कोणी हात लावतं का?"

"का गो?"

"वारा जड कण वर उचलत नाही. ते जमिनीलगत उड्या मारत जातात. म्हणून खालचा डबा भरतो आणि वरच्यात नुसती बारीक धूळ येते. इथे खालचा रिकामा, आणि वरच्यात खडे."

पोरांवर ढकलावं, तर सड्यावर पोरं होती कुठे? काशीने मान खाली घातली. "माजे गुडघे वाकत न्हायत गो. म्हणून वरच्यात घातली."

"पण का, काकी?"

"तू रिकामी गेलीस. माज्या घरातनं भांडा रिकामा जात न्हाय... आणि मग तू येतंस."

अवनी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "इथले या मोसमातले सगळे आकडे आता फेकावे लागतील. सरांनी खांब काढून आणायला सांगितलंय."

"नको न्हेव. मी परत हात न्हाय लावनार."

"ते माझ्या हातात नाही, काकी."

तिने खांब उपटला, स्कूटरला बांधला आणि डोळे पुसत गेली. जेवणाचा डबा ओटीवरच राहिला.

काशीने तो घासला, आमसुलांनी भरला आणि खिडकीत ठेवला. अवनीचा फोन नंबर तिच्याकडे नव्हता. जे माणूस येणारच आहे, त्याचा नंबर कशाला मागायचा?

चैत्रात वारा सुटला, आणि असा सुटला की कलमांची लाल माती उठून घरात घुसू लागली. काशी रोज फडकं मारायची. मांडणी, पाट, नवऱ्याचा फोटो, सगळं पुसायची. डब्याचं झाकण तेवढं पुसायची नाही. साठू दे. अवनी आली की तोलून नेईल.

पण खिडकीत, वरच्या डब्यात यावी तशी, नुसती बारीक धूळ पडत होती. एका सकाळी काशीने डबा उचलला, बाहेर नेला, आणि गुडघ्यांवर हात दाबत, कण्हत, पार खाली वाकून जमिनीवर ठेवला.