इरजनाची वाटी

माझं सगळ्यात गाजलेलं गाणं विरजणाचं आहे. आमच्याकडे त्याला इरजन म्हणतात. गाणं इतकं गाजलं की आता ते मला थांबवता येत नाही.

आधी भुलाबाईचं सांगते. भाद्रपदातल्या पौर्णिमेला आमच्या गावात घरोघरी मातीची भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी पाटावर बसतात. वर ज्वारीच्या धाटांचा मांडव. तिथून कोजागिरीपर्यंत महिनाभर, रोज संध्याकाळी, गल्लीतल्या पोरी या घरून त्या घरी जातात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. खिरापत म्हणजे प्रसाद, पण तो झाकणाच्या डब्यात असतो. घरची बाई प्रत्येकीच्या कानाशी डबा हलवते. गोड का आंबट? गरम का थंड? ओळखल्याशिवाय कुणाला चिमूटभरही मिळत नाही.

या कामात आमच्या शेजारच्या वच्छलाकाकू उस्ताद. पन्नाशीची बाई, पण पोरींच्या मधोमध मांडी घालून बसणार आणि डोळे मिटून डबा ऐकणार. "फुटाणे हायत. अन् वरून चार शेंगदाणे टाकले तू, कंजूस!" त्यांची खिरापत कधी चुकली नाही.

गाणी मात्र तीच ती. सासू, सासरा, दीर, नणंद. मी ठरवलं, यंदा नवीन गाणी करायची. तोवर माझी हिंमत वाढली होती. नववीपर्यंत मी वर्गात हात वर करायचे नाही, उत्तर येत असलं तरी. मग गॅदरिंगला मी आमच्या खडखड एसटीवर गाणं केलं आणि चिखलीची अख्खी शाळा ते म्हणायला लागली. शिपाईकाकासुद्धा. तेव्हापासून आई म्हणायची, "शिंगं फुटली हिले." फुटलीच होती. मी भांडी घासताना गाणी करायचे, बसमध्ये करायचे, गणिताच्या वहीच्या मागे लिहायचे. यंदाच्या भुलाबाईला माझी पाच नवीन गाणी होती आणि बारक्या पोरी माझ्या मागे कोंबडीच्या पिलांसारख्या फिरायच्या.

सहावं गाणं सुचितावहिनीवर झालं.

सुचितावहिनी म्हणजे वच्छलाकाकूंची सून. माहेर धामणगाव बढे. लग्नाला तीन वर्षं झाली. मागच्या वर्षी तिच्या भावानं, जीवननं, दुसऱ्या जातीतल्या मुलीशी कोर्टात लग्न केलं आणि तिच्या सासऱ्यांनी, नारायणरावांनी, ओट्यावर उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "त्या घराचा अन् आमचा संबंध खतम." वहिनीचा मोबाइल कपाटात गेला. त्यानंतर चार महिन्यांनी तिच्या आईच्या पोटात गाठ निघाली.

हे वहिनीला कळलं ते माझ्या फोनवर. जीवननं कुठून तरी नंबर मिळवला होता. त्या दिवसापासून वहिनी एक दिवसाआड आमच्या दारात वाटी घेऊन यायची. बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "काकू, इरजन द्या व थोडंसं!" आणि आत आली की आई चुलीकडे तोंड करून बसायची. "मी काही पाहिलं नाही, बापा." मी नंबर लावून द्यायचे. तो मी फोनमध्ये 'इरजन' नावानं ठेवला होता. मला त्याचा फार गर्व होता.

पाच मिनिटं. त्यात दुसरं काही नसायचं.

"हाव, जेवली. पोयी अन् वांगं. तू काय खाल्लं? दोन घास? परवाही दोनच होते वं आई."

मग डोळे पुसून, वाटीत आईनं टाकलेलं चमचाभर दही झाकून ती परत जायची. समोरच्या अन्नपूर्णाबाई एकदा हसत म्हणाल्याच, "वच्छले, तुह्या घरी दही लागतच नाही का वं? सून कवापासून इरजन मांगूनच राह्यली!"

"नव्या पोरी," वच्छलाकाकू म्हणाल्या. "दुधाचा हात नाही यायले."

नवरात्रात वहिनी एका दिवशी फारच खुशीत आली. शेखरदादा, तिचा नवरा, कबूल झाला होता. घरी सांगायचं देऊळगावराजाला बालाजीच्या दर्शनाला जातो, आणि जायचं धामणगावला. दसऱ्यानंतरच्या एकादशीला. फक्त एकदा, तासभर, आईला पाहून यायचं. डॉक्टरनं दिवाळीचं काही सांगता येत नाही म्हटलं होतं.

"देव तिकडे दक्षिणेले, आई इकडे उत्तरेले," वहिनी हसली. "पन बालाजी काही चुगली करत नाही."

तेव्हा मी तिला नवीन गाणं गुणगुणून दाखवलं.

*वाटी घेऊन वहिनी चालली इरजन मांगाले,*
*काल नेलं, परवा नेलं, दही काऊन ना लागे?*
*गोड की आंबट, थंड की गरम, ओयखा पाहू बाई,*
*झाकल्या वाटीत काय हाये, कोनाले ठाऊक नाही!*

वहिनी पदर तोंडावर धरून हसली. "मले गाण्यात टाकलं वं तू? मले कधी कोनी गाण्यात नाही टाकलं. उखाण्यातबी नवऱ्याचंच नाव असते." मग जरा थांबून म्हणाली, "पन एवढंच ठेव हं."

"एवढंच हाये," मी म्हणाले. आणि तेव्हा तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी बसमधून येताना पुढचं आलं. मी शपथेवर सांगते, मी ते शोधत नव्हते. खिडकीशी बसले होते, टिपरीचा ठेका गुडघ्यावर वाजवत होते, आणि 'ताक' शब्दाच्या मागे 'हाक' आपोआप आला.

*वाटीत नाही दही बाई, वाटीत नाही ताक,*
*वाटीमधून येते कशी माहेराची हाक!*

इतकं चांगलं मी कधी केलं नव्हतं. गाणं याच्याशिवाय अर्धं आहे असं वाटलं. वहिनीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, नाही असं नाही. मी स्वतःला सांगितलं, नाव कुठं आहे यात? माहेर तर प्रत्येक बाईला असतं.

त्या संध्याकाळी भुलाबाईची गाणी आमच्या घरी होती. पंचवीस-तीस पोरी, बाया दारापर्यंत. मी बारक्यांना तासाभरात गाणं पाठ करून घेतलं होतं. शेवटच्या 'हाक'ला सगळ्यांनी एक हात कानाशी न्यायचा आणि स्वर लांबवायचा, हेही शिकवलं होतं. हाऽऽऽक. टिपऱ्या एकदम थांबल्या आणि बाया खुदखुदून हसल्या. "वा वं प्रेरणा!" "अजून एकदा!" आम्ही तीनदा म्हटलं.

तिसऱ्या वेळी मला दिसलं, वच्छलाकाकू डोळे मिटून ऐकत होत्या. डबा ऐकतात तसं.

गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाल्या, "ओयखलं."

"काकू, अजून डबा आनला कुठं!" एक बारकी ओरडली आणि सगळ्या हसल्या.

वहिनी खाली मान घालून सासूच्या मागे घरी गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून शेखरदादाचा आवाज आला. मग दोनदा मारल्याचा आवाज. आई ताट हातात धरून बसून राहिली. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात वाटी घेऊन वच्छलाकाकू.

"काय पाहून राह्यली? इरजन आन. आता मीच येत जाईन. सुनबाईचे पाय दुखून राह्यले रोजरोज येऊन." आईनं दही टाकलं. त्यांनी वाटीत निरखून पाहिलं, मग माझ्या गालाला हात लावला. "गानं लय मस्त केलं वं पोरी. डोकं हाये तुले."

त्या एक दिवसाआड येत राहिल्या. बरोबर एक दिवसाआड.

फोन मात्र रोज यायला लागला. पडद्यावर 'इरजन'. जीवन विचारायचा, "ताई हाये का?" मी म्हणायचे, "कामात आहे." दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "पाहुणे आलेत." तिसऱ्या दिवशी उचललाच नाही.

एकादशीला शेखरदादा खरंच देऊळगावराजाला गेला. आईला घेऊन. वच्छलाकाकू नवं लुगडं नेसून जीपमध्ये बसल्या.

त्या दिवशी दुपारी एक वाजता फोन वाजला. मी उचलला.

"आई गेली," जीवन म्हणाला. "सकायी. ताईले सांग, चार वाजेपर्यंत वाट पाहतो. मंग नाही ठेवता येत." मग त्याचा आवाज फाटला. "चार दिवस एकच विचारत होती, पोरीचा फोन आला का म्हनून. बोलता येत नव्हतं त बोटानं दाखवे."

मी पळत गेले. नारायणराव ओट्यावर खाटेवर बसले होते.

"काका, वहिनीला निरोप आहे."

"कोनाचा?"

"धामणगावहून. तिची आई वारली."

त्यांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "धामणगावले आमचं कोनी नाही. तू घरी जाय."

मी तिथंच उभी राहिले. ओरडले असते तर आतपर्यंत ऐकू गेलं असतं. माझा आवाज शाळेच्या मैदानापलीकडे जातो, सर नेहमी सांगतात. ओट्यापासून मागचं अंगण पंधरा पावलांवर होतं. मी घरी आले आणि खोलीत बसून राहिले, खूप वेळ. आई शेतातून आल्यावर सांगू, असं वाटत होतं. मग घड्याळ पाहिलं, आणि मागच्या हौदावर चढले.

भिंतीपलीकडे वहिनी भांडी घासत होती. गालावर पिवळा पडलेला वळ होता.

"वहिनी," मी म्हणाले. "तुझी आई..."

तिनं वर पाहिलं. मला पुढचं बोलावं लागलं नाही.

"कवा?"

"सकाळी. चारपर्यंत थांबणार आहेत."

"किती वाजले?"

"पावणेतीन."

तिचे ओठ हलले. ती एसटी मोजत होती. चिखलीला जायचं, मग बुलढाणा, तिथं गाडी बदलायची, मग मोताळा, मग पुढे. कढईवरची राख तिच्या हातात तशीच होती.

"पोचत नाही मंग," ती म्हणाली आणि कढई घासायला लागली. मग वर न पाहता विचारलं, "जीवन काही म्हने का? आईचं काही शेवटचं?"

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही म्हणाला."

ते बोटाचं मी तिला आजपर्यंत सांगितलं नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

त्या घरात सुतक कुणी धरलं नाही. वच्छलाकाकूंनी गल्लीत बालाजीचा प्रसाद वाटला.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत वर्गातल्या दोघी बाकावर ताल धरून गात होत्या. वाटीत नाही दही बाई. त्या चिखलीच्या पलीकडच्या गावातल्या. मी जाऊन म्हटलं, "ते नका म्हणू."

"काऊन?"

"माझं आहे ते."

दोघी फिदीफिदी हसल्या. "चाल बे! आमच्या गावचं जुनं गानं हाये. माह्या आजीनं शिकवलं."

शिकवलं असेलही. आजीला कुणी तरी मामेबहिणीनं, तिला कुणी जीपमध्ये बसलेल्या पोरीनं. आठवडाभरात ते जुनं झालं होतं.

कोजागिरीची गाणी वच्छलाकाकूंनी आपल्या घरी मागून घेतली. मी जाणार नव्हते. आई म्हणाली, "जाय. तोंड दाखव सुचिताले. तेवढं त कर."

गाणी झाली. वच्छलाकाकू मधोमध बसल्या होत्या. म्हणाल्या, "प्रेरणे, ते इरजनाचं होऊ दे."

"घसा बसलाय काकू."

"तुह्या घशाचं काय काम? पोट्ट्या म्हनतीन."

आणि पोट्ट्यांनी सुरू केलं. माझी काही गरज नव्हती त्यांना. ठेका पक्का, एकही टिपरी चुकली नाही. शेवटी सगळ्या जणींनी एक हात कानाशी नेला, मी शिकवला होता तसाच, आणि त्या लहान लहान गळ्यांनी पूर्ण ताकदीनं माहेराची हाऽऽऽक मारली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात झाकणाचा डबा होता.

तिनं एकेकीच्या कानाशी डबा हलवला. आवाज नाही.

"गूळ!" "केळं!" "रिकामाच हाये!"

"मले दे," वच्छलाकाकू म्हणाल्या. डोळे मिटून त्यांनी डबा हलवला. दुसऱ्या कानाशी नेऊन पुन्हा हलवला. "काहीच नाही वं यात," त्या म्हणाल्या. त्यांची खिरापत पहिल्यांदा चुकली.

"हाये," वहिनी म्हणाली. डबा तिनं माझ्या कानाशी आणला, पण हलवला नाही. "तू ओयख."

तिचा हात माझ्या केसांना लागत होता. मला ऐकण्याची गरज नव्हती.

"दही," मी म्हणाले.

तिनं झाकण काढलं. घट्ट, पांढरं, काठोकाठ लागलेलं. वर पाण्याचा थेंब नाही.

"कसं मस्त लागलं वं वहिनी!" एक बारकी म्हणाली.

"हाव ना. आता घरचंच इरजन हाये," वहिनी म्हणाली. "आता कोनाच्या दारी जायाचं काम नाही उरलं."

तिनं प्रत्येकीच्या तळहातावर चमचाभर दही घातलं. माझ्या हातावर दोन चमचे. पोरी चाटून-पुसून पुढच्या घराकडे पळाल्या, गल्लीत पुन्हा तेच गाणं सुरू झालं. मी हात पुढे धरून उभी होते. दही बोटांच्या फटीतून खाली येत होतं.

"सांडवू नको," वहिनी म्हणाली. "खाय."

ती पाहत राहिली. मी सगळं खाल्लं. अजिबात आंबट नव्हतं.